दहा रुपये प्राप्त झाले

पहाटे ५.४०, मुलुंड पश्चिम

पॉवर बँकेचे चारही दिवे लागलेत का, ते ती आधी बघते. मग चहा. पिशवीत एक चालू फोन, एक जुना फोन बोलणं रेकॉर्ड करायला, क्लिपबोर्ड, चाळीस कोरे फॉर्म, दोन बॉलपेनं. जेलपेन नाही, पावसात शाई पसरते. मुठीत मावणारा एक क्लिकर, गेटवर माणसं मोजायला वापरतात तसला. फॉर्मवर घालायला साडीच्या दुकानातली मोठी प्लॅस्टिकची पिशवी. छत्री ती नेतच नाही. एका हातात बोर्ड, दुसऱ्यात पेन; छत्री कोण धरणार? रेनकोट बरा.

ती एका विद्यापीठाच्या प्रकल्पात सहायक आहे. महिन्याला पंचवीस हजार, एकरकमी. भत्ते नाहीत, पीएफ नाही. करार सहा महिन्यांचा, मग पुढचे सहा महिने मिळाले तर मिळाले. काम एवढंच, की रस्त्यावर विकणारी माणसं फोनवरून पैसे कसे घेतात ते उभं राहून बघायचं आणि लिहून काढायचं. विद्यापीठाचं, तिचं आणि विक्रेत्यांचं नाव मी लिहिणार नाही. ज्या संमतीपत्रावर ती सगळ्यांच्या सह्या घेते, त्यात तसं वचन दिलेलं असतं, आणि मला सोबत यायला मिळालं ते त्याच अटीवर. घाटकोपरचे विक्रेते घ-१, घ-२. अंधेरीचे अं-१, अं-२.

सकाळी ६.२५, स्लो लोकल

घाटकोपर पाचवं स्टेशन. या वेळेला उभं राहायला जागा मिळते. एका हाताने कडी, दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर. कालच्या फॉर्मांच्या समासात जे खरडलंय ते ती मराठीतच टाइप करते. कीबोर्ड स्वरचक्र. ‘क’वर अंगठा ठेवला की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं, अंगठा सरकवला की अक्षर तयार. हा कीबोर्ड २०१३ साली पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत, अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने केला. आयडीसी म्हणजे तिथली डिझाइन शिकवणारी शाळा, १९६९ पासूनची. कांजूरमार्गला पाठीवर लॅपटॉप घेतलेली दोन मुलं उतरतात, बहुधा तिकडेच जाणारी. हिची मान वर होत नाही.

सकाळी ७.००, घाटकोपर पश्चिम, स्टेशनबाहेर

श्रावणातला सोमवार. घ-४ म्हणजे फुलवाल्या मावशी. चार वाजायच्या आधीच त्या दादरला फुलबाजारात होत्या. पाच जणींत एक टेम्पो, प्रत्येकीचे साठ रुपये. बेल, पांढरी फुलं, झेंडू, मोगऱ्याचे गजरे. सगळं ओल्या गोणपाटाखाली. बेलफुलाची पुडी वीस रुपये, गजरा तीस.

मोठ्या छत्रीच्या दांड्याला दोरीने पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा स्पीकर लटकवलाय, पारदर्शक पिशवीत गुंडाळून. खाली क्यूआरचा पुठ्ठा. त्यालाही पिशवी, पण तिच्यात पाणी शिरलंय, आणि गिऱ्हाइकं फोन तिरपा करून करून स्कॅन करतात.

ती मावशींच्या डाव्या बाजूला, खांबाला टेकून उभी राहते. तासभर इथेच. फॉर्मवर तीन रकाने आहेत: रोख, फोन, उधार. फोनच्या रकान्यात पोटरकाने. गिऱ्हाइकाने स्क्रीन दाखवली का? विक्रेत्याने बघितली का? स्पीकर बोलला का, आणि किती सेकंदांनी?

‘विक्रेत्याने बघितली का’ या रकान्यात सकाळपासून नाही, नाही, नाही. मावशी वर बघतच नाहीत. डाव्या हातात पान, उजव्या हातात दोरा, दोऱ्याचं टोक दातांत. बोटं ओली, डोळे फुलांवर. मोकळे आहेत ते फक्त कान. “वीस रुपये प्राप्त झाले,” असं ऐकू आलं की पुडी पुढे सरकते.

सकाळी ८.२०

गर्दी चढली. मेट्रोतून उतरलेले लोकलकडे धावतायत, लोकलमधून उतरलेले मेट्रोकडे. पाऊसही वाढला. आणि स्पीकर गप्प झाला.

“मावशी, गेले बघा.” एक मुलगी स्क्रीन पुढे करते. पाठोपाठ दुसरी. एक गृहस्थ पन्नास पाठवून म्हणतात, दोन पुड्या द्या आणि दहा तुमच्याकडेच राहू द्या, उद्या घेतो. मावशी तिघांनाही सोडतात. सोडतील नाही तर काय, गाडी सुटेल त्यांची.

पैसे जायला तसा वेळ लागत नाही. गिऱ्हाइकाच्या ॲपकडून त्याच्या बँकेकडे, तिथून फोनवरचे हे व्यवहार, म्हणजे यूपीआय, चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेतून मावशींच्या बँकेकडे. पण स्पीकरच्या पोटातलं सिमकार्ड शेवटी याच फुटपाथवरच्या हवेतून बातमी पकडणार. पैसे पोचलेले असतात. बातमी अडकते.

आता मावशी काय करतात ते मी दहा मिनिटं बघत होतो, पण कळलं तिनं बोट दाखवल्यावर. स्पीकर न बोलता गिऱ्हाईक गेलं, की मावशी टोपलीतला एक झेंडू उचलून उलट्या झाकणात ठेवतात. मागाहून आवाज आला, की एक झेंडू परत टोपलीत. ८.३५ ला स्पीकरला कंठ फुटतो. वीस, वीस, पन्नास, तीस, एका दमात. झाकणातले झेंडू एकेक करून खाली जातात. गर्दी ओसरली तेव्हा झाकणात एकच उरला.

“वीस बुडाले की काय?” मी विचारलं.

“संध्याकाळपर्यंत बोलंल,” मावशी म्हणाल्या. “नाही बोलला तर बुडाले.”

झेंडूला फॉर्ममध्ये रकाना नाही. ती समासात लिहिते, पाऊस पडत असताना, पिशवीच्या आत हात घालून.

सकाळी ९.३०

पिग्मीवाले काका आले. पतपेढीचे. गळ्यात छोटं मशीन, त्यातून चिटोरा निघतो. रोजचे शंभर. पिग्मी ही उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेची १९२८ सालची कल्पना: दारात जाऊन रोजचे दोन-चार आणे गोळा करायचे. यूपीआयचं उद्घाटन मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते झालं ११ एप्रिल २०१६ ला. या फुटपाथवर दोन्ही एकाच वेळी चालू आहेत, आणि काकांना नोट लागते. मावशींच्या बटव्यात तीन दहाच्या, एक पन्नासची, बाकी नाणी. शेजारच्या केळेवाल्याकडून वीस उसने घेऊन शंभर पुरे होतात. सकाळभर पैसे आले ते सगळे हवेत आहेत.

फॉर्ममधला अकरावा प्रश्न: खातं कोणाचं? पर्याय दोन, स्वतःचं किंवा कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाचं.

“माझंच की.”

“आणि फोन, मावशी?”

“फोन पोराचा. नंबर त्याचा लावलाय. मला साधा आहे, बटनांचा.”

“मग पैसे आलेले बघता कुठे?”

मावशींनी वर, पिशवीतल्या स्पीकरकडे मान उडवली. “ह्यो सांगतो ना.”

आणि दादरला? तिथले घाऊकवालेही फोनवर घेतात पैसे. पण पहाटे चारला पोरगा झोपलेला असतो, फोन त्याच्या उशाशी. म्हणून दादरला रोख, पिग्मीला रोख, टेम्पोला रोख. रात्री पोरगा एटीएममधून काढून आणतो. तो सांगतो तेवढं आलेलं असतं.

ती पुढे काही विचारत नाही. पेन थोडा वेळ नुसतंच धरून ठेवते.

स्पीकरचं भाडं महिन्याला शंभराच्या आसपास, खात्यातून आपोआप कापलं जातं. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून व्यवहारामागे काही घ्यायचं नाही, असा सरकारी नियम आहे. मग कंपन्यांनी हा स्पीकरचा डबा भाड्याने दिला. त्याच वर्षी फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. तेव्हाच्या नियमांनी पहिलं कर्ज दहा हजार होतं, शिवाय महिन्याला पन्नास डिजिटल व्यवहार केले तर पन्नास रुपये परत मिळायचे, दोनशे केले तर शंभर. म्हणजे भाडं जवळजवळ सुटायचं. फक्त व्यवहार किमान पंचवीस रुपयांचा हवा होता. मावशींची पुडी वीसची आहे.

मावशींनी चहा मागवला. पैसे तिने दिले, बारा आणि बारा चोवीस. मावशी स्वतः घेत नाहीत, सोमवार कडक असतो त्यांचा.

सकाळी १०.४५, मेट्रो

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर. २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली, सव्वाअकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं. मुंबईची पहिली मेट्रो. तिच्या लेखी मेट्रोचं मोठं महत्त्व वेगळं आहे. आत स्वच्छतागृह आहे. दिवसभर फुटपाथवर उभं राहणाऱ्या बाईचं वेळापत्रक त्यावर बेततं. पाणी किती प्यायचं, तेही.

तिच्या प्रकल्पाच्या कागदांवर पहिल्या पानावर मार्क वायझरचं नाव येतं. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क प्रयोगशाळेतला संगणकशास्त्रज्ञ. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये त्याने सायंटिफिक अमेरिकनमध्ये एक लेख लिहिला. संगणक टेबलावरून उठून भिंतीत, कागदात, खिशात जाईल. एका खोलीत शेकड्याने असतील आणि आपलं लक्षही जाणार नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे तो शांत तंत्रज्ञानाबद्दल बोलू लागला. १९९९ मध्ये वारला.

मी तिला म्हटलं, शेकड्याने आहेत हे तर खरं झालं. ती म्हणाली, “शांत नाहीत पण.” मला तरी त्यात चूक वाटत नाही. मावशींचे हात रिकामे असते, तर स्पीकर गप्प चालला असता. ओरडला तरच उपयोग.

सकाळी ११.२०, साकीनाका

गाळ्यांची गल्ली. पत्रा कापायचा आवाज, वेल्डिंगचा वास, डबक्यावर तेलाचे तवंग. अं-२ पानटपरी. टपरीच्या काचेवर चार क्यूआर. निळा, जांभळा, पांढरा, आणि एक इतका फिकट, की कंपनी ओळखू येत नाही. हे चौकोनी ठिपके जपानमध्ये डेन्सो कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी काढले होते. फिकट झालेल्याखाली आणखी एक स्टिकर आहे, पेटीएमचा. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. क्यूआर चालू राहणार असं कंपनी सांगत होती, पण गल्लीत घबराट झाली. लोकांनी खबरदारी म्हणून दुसऱ्याचे चिकटवले.

“चार कशाला?”

“चारों लड़के टार्गेट के लिए रो रहे थे,” टपरीवाला म्हणतो.

क्यूआर लावून जाणाऱ्या कंपन्यांच्या त्या मुलांपैकी एक तेवढ्यात येतोच. वय बाविशीचं, स्कूटर, पाठीवर ठोकळ्यासारखी बॅग. बॅगेत नवे स्पीकर, चार्जर, स्टिकरांचा गठ्ठा, स्क्रू-ड्रायव्हर, ओल्या काचा पुसायला फडकं. तक्रार अशी, की स्पीकर दुपारी तीनला झोपतो. तो पिन काढतो, फुंकर मारतो, चार्जर बदलतो. टपरीत प्लग नाही. शेजारच्या मोबाइलवाल्याकडून रोज रात्री चार्ज करून आणायचा, दिवसाचे दहा रुपये. म्हणजे भाड्याच्या तिप्पट चार्जिंगला. हा आकडा कुठल्याच जाहिरातीत नसतो. तिच्या फॉर्ममध्ये मात्र आहे, प्रश्न सतरा. तो तिने स्वतः घालायला लावला.

मुलाला नव्या डब्यामागे पैसे मिळतात. जुना दुरुस्त केला तर काही नाही. पेट्रोल स्वतःचं.

“मग दुरुस्ती कशाला करतोस?”

“नाही केली तर पुढच्या वेळी उभा करणार नाहीत ना.”

तो तिच्या क्लिकरकडे बघतो. “तुम्हाला पण टार्गेट असतं?”

“दिवसाला आठ फॉर्म.”

“बरं आहे,” तो म्हणतो, आणि स्कूटरला किक मारतो.

दुपारी १.४०

दोन वडापाव, एक ताक. ती पैसे फोनवरून देते आणि बिल मागते. वडापाववाला हसतो.

मग तिने मला व्हाउचरचं प्रकरण सांगितलं. प्रकल्प डिजिटल पैशांचा, पण तिचा प्रवासखर्च मिळायला कागद लागतो. यूपीआयचा स्क्रीनशॉट चालत नाही. पक्कं बिल हवं, शिक्क्याचं. रिक्षाचं किमान भाडं सव्वीस रुपये, आणि बिल देणारा रिक्षावाला तिला अजून भेटायचाय. मग साध्या कागदावर लिहून द्यायचं, कुठून कुठे, किती, बिल का नाही, सही. गेल्या महिन्याचे अकराशे अजून अडकलेत. लेखा विभागातले लोक वाईट नाहीत, ती घाईने सांगते. त्यांच्या फॉर्ममध्येही रकाना नसणार.

दुपारी ३.१०, अंधेरी पश्चिम, स्टेशनजवळ

अं-५ पेरूवाला. पेरू साठ रुपये अर्धा किलो, कापून मीठ-मसाला लावून हवा असेल तर तीसचा एक. फॉर्मचे चार प्रश्न झाले होते.

“गाडी!”

कोण ओरडलं कळलं नाही. महापालिकेची गाडी कोपऱ्यावर दिसायच्या आत फुटपाथ हलायला लागला. ती खांबाच्या मागे सरली आणि क्लिकर खिशात टाकला. घड्याळाकडे मात्र बघितलं.

पेरूवाल्याने आधी उचलला तो इलेक्ट्रॉनिक काटा. मग स्पीकर. दोन्ही एका पिशवीत, पिशवी मागच्या इमारतीच्या जिन्याखाली. तिसऱ्या खेपेला पेरूची टोपली. काटा जप्त झाला तर दीड-दोन हजार गेले. स्पीकर गेला तर कंपनीला उत्तर द्यायचं. पेरू गेले तर पेरू गेले.

गाडी हळूहळू पुढे आली. पत्र्याचे स्टँड, एक हातगाडी, ताडपत्री उचलून आत फेकली. फुटपाथ रिकामा, सगळे विक्रेते दुकानांच्या पायऱ्यांवर, जणू कुणाची वाट बघत उभे. तेवढ्यात जिन्याखालून खणखणीत आवाज आला, “तीस रुपये प्राप्त हुए.”

समोरच्या फुटपाथवर एक कॉलेजचा मुलगा, हातात पेरू, फोन खिशात ठेवत होता. गाडीवरच्या कामगाराने जिन्याकडे बघितलं. मग पेरूवाल्याकडे. मग ताडपत्री घडी करायला लागला.

गाडी गेल्यावर पुन्हा मांडामांड. सगळ्यात आधी काय उचललं, या नोंदीसाठी ती फॉर्मच्या मागच्या बाजूला ओळ आखते. आजवरच्या तिच्या अशा नोंदींत काटा पहिला, स्पीकर दुसरा. फळं कधीच पहिली नाहीत.

दुपारी ४.१५

पेरूवाला उरलेले प्रश्न पुरे करतो, पण सहीपाशी थांबतो.

“मॅडम, ये टॅक्सवालों को जाता है क्या?”

ती संमतीपत्रातला परिच्छेद पुन्हा वाचून दाखवते, हिंदीत, सावकाश. नाव नाही, नंबर नाही, खात्याची माहिती नाही. तो ऐकून घेतो. मग बंगळुरूचं सांगतो. २०२५ च्या जुलैत तिथल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि काहींनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. ते व्हिडिओ अंधेरीतही फिरले. माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला चाळीस लाख, आणि ताज्या फळांवर जीएसटी नाहीच. पण हे सांगायची तिला परवानगी नाही. सल्ला दिला की उत्तरं बदलतात, असं तिला शिकवलंय. ती गप्प राहते. मला ते गप्प राहणं जड गेलं, आणि ती थोडी पुढे गेल्यावर मीच मागे वळून त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. विश्वास बसला नसावा.

सही झाली नाही. फॉर्म बाद. ती त्यावर तिरपी रेघ मारते आणि वेगळ्या कप्प्यात ठेवते. आठाचे सात. अंधेरीतच सहापर्यंत आणखी एक करावा लागला, कणीसवाल्याचा. त्याने सगळी उत्तरं कणीस भाजता भाजता दिली, एका हाताने पंखा हलवत.

संध्याकाळी ६.५०, मेट्रो, उलटी

बसायला जागा नाही. बोलायलाही नाही.

रात्री ८.४५, मुलुंड

आई ताट वाढते, मलाही. जेवताना टीव्ही चालू. मग लॅपटॉप. आठ फॉर्म, प्रत्येकाचे सव्वीस प्रश्न, एक्सेलमध्ये. सेकंद सेकंदांच्या रकान्यात, रुपये रुपयांच्या. समासातलं सगळं शेवटच्या रकान्यात जातं, त्याचं नाव ‘इतर’. झेंडू ‘इतर’मध्ये. उशाशी असलेला फोन ‘इतर’मध्ये. जिन्याखालचा आवाजही.

नोटाबंदीनंतर मिशिगन विद्यापीठातले जॉयोजीत पाल आणि त्यांचे सहकारी मुंबई-बंगळुरूतल्या रस्त्याकडेच्या दुकानांशी बोलले होते, कॅशलेसच्या सरकारी रेट्याबद्दल. तो निबंध २०१८ मध्ये आला. तिने त्याची छापील प्रत काढलीय, ओळींखाली रेघा आहेत. तेव्हा दुकानदाराला फोन हातात घेऊन मेसेज बघावा लागायचा. आता बघावा लागत नाही. रेघा मारलेल्या एका जागी तिने पेन्सिलीने लिहिलंय: ‘मग फोन कोणाकडे?’

९.५० ला ती मार्गदर्शकांना मेसेज पाठवते. अकराव्या प्रश्नाचे दोन करायचे. खातं कोणाचं, आणि फोन रात्री कोणाजवळ असतो. लगेच उत्तर येतं: आतापर्यंतचे फॉर्म जुने, आता प्रश्न बदलला तर तुलना कशी करणार? ती लिहिते, जुन्यांकडे परत जाते. संध्याकाळी. स्वतःच्या वेळेत. यावर अंगठा येतो.

रात्री १०.२०

शेवटी व्हाउचर. रिक्षा, साकीनाका मेट्रो ते गाळ्यांची गल्ली, सव्वीस. मेट्रो, दोन वेळा, तिकिटं जोडली आहेत. चहा, बारा. कारण: दुकानदार बिल देत नाही. सही.

“बारा कसे?” मी म्हटलं. “दोन घेतले होते.”

“दुसरा तुझा होता,” ती म्हणाली, आणि फॉर्मांच्या गठ्ठ्याला पिना मारायला लागली.